रताळ्याचा ब्रिक्स ७५ दिवसांना ९.५, ९० दिवसांना ८: गोडी उतरतेय की पीठ भरतंय?

सरीवरंबा
८ जानेवारी, रा. ९:१०

लाल सालीचं, पांढऱ्या गराचं गावरान रताळं आहे. लागवड १० ऑक्टोबरची, ६० × २० सेंमीवर, मध्यम काळी जमीन, सरीनं पाणी. आज ९० दिवस भरले. एकरी खत असं: शेणखत दोन ट्रॉली, लागवडीच्या वेळी १८:४६:० (डीएपी) एक पोतं, युरिया २५व्या आणि ५५व्या दिवशी एकेक पोतं. पोटॅश दिलेलं नाही. वेल अजून हिरवागार आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाच्या थेंबावरून गोडी अजमावायचं उपकरण) ७५व्या दिवशी रसाचा ब्रिक्स ९.५ आला होता, आज ८ आला. कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढून खाऊन पाहिलं तर पाणचट, मधला गर ओलसर, गोडी बेताचीच. व्यापाऱ्याला महाशिवरात्रीसाठी (यंदा १५ फेब्रुवारी) गोड माल हवाय. थोडा माल पिठासाठी मागणारा दुसराही एक जण आहे, तो म्हणतो गोड नको, पिठूळ हवं.

ब्रिक्स उतरतोय म्हणजे गोडीचे दिवस टळून गेले का? लगेच काढू की थांबू? आणि गोड व पिठूळ अशा दोन्ही मागण्या एकाच रानातून कशा भागवायच्या?


पिष्टमय
८ जानेवारी, रा. १०:४५

थांबा. काढू नका.

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला भाग. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो रिफ्रॅक्टोमीटरला दिसतच नाही. वाढत्या रताळ्यात साखर पडून राहत नाही, पुढे तिचा स्टार्च होतो. म्हणून आकडा उतरला तर बऱ्याचदा अर्थ उलटाच असतो: आलेली साखर साठ्यात जमा होतेय.

आत काय चालतं ते थोडक्यात. पानात तयार झालेलं अन्न सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या, रूपात वेलातून मुळाकडे उतरतं. पहिल्या महिनाभरात मुळ्या फक्त पसरतात. चौथ्या ते सातव्या-आठव्या आठवड्यात त्यातल्या काही जाड व्हायला लागतात. कोवळ्या मुळीत इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम जोरात असतं. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, आणि त्या साखरेवर नव्या पेशी बनतात. या वयाची मुळी कच्ची चावली तर गुळचट लागते, पण तिच्यात पाणी फार आणि पीठ नावाला. मुळी फुगायला लागली की इन्व्हर्टेज मागे पडतं आणि सुक्रोज सिंथेसचा जोर चढतो. तिथून सुक्रोजची वाट स्टार्चकडे वळते. स्टार्चचे कण पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात साठत जातात. तेव्हापासून ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण उतरतं, सुक्रोज थोडंफार टिकतं आणि कोरडं वजन चढत जातं. त्या कोरड्या वजनात साधारण साठ-सत्तर टक्के स्टार्च असतो.

मग खाताना लागणारी गोडी कुठली? ती बरीचशी चुलीवर तयार होते. रताळ्यात बीटा-ॲमायलेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. कच्च्या रताळ्यात ते स्टार्चच्या कप्प्याबाहेर असतं आणि स्टार्चचा कच्चा कण त्याला दाद देत नाही. तापवल्यावर ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कण फुगून फुटतो आणि एन्झाइम त्यावर तुटून पडतं. त्यातून माल्टोज निघतं. कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळजवळ नसतंच. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात (तिकडचं नारिंगी गराचं रताळं) कच्च्या १०० ग्रॅममध्ये स्टार्च १२.६५ ग्रॅम आणि साखर ४.१८ ग्रॅम दिली आहे. सालीसकट भाजलेल्या १०० ग्रॅममध्ये स्टार्च ७.०५ आणि साखर ६.४८, त्यातलं तीन ग्रॅमच्या वर माल्टोज.

तेव्हा रानात स्टार्च जितका भरेल तितका चुलीवर साखरेसाठी कच्चा माल जास्त. ९० दिवसांचं तुमचं रताळं पाणचट लागतं ते साखर कमी म्हणून नाही, स्टार्च अजून भरलेला नाही म्हणून. व्यापारी आणि पीठवाला दोघंही एकच गोष्ट मागताहेत: भरलेलं रताळं. फरक काढणीनंतर पडतो.

एक विचारायचं राहिलं: आजचा ब्रिक्स घेण्याआधी पाणी कधी दिलं होतं?


सरीवरंबा
८ जानेवारी, रा. ११:०२

परवाच भरलं होतं. ७५व्या दिवशी घेतला तेव्हा पाणी देऊन आठ-नऊ दिवस झाले होते.


पिष्टमय
८ जानेवारी, रा. ११:१५

मग या दीडातला काही भाग नुसत्या पाण्यानं पातळ झालेल्या रसाचा आहे. दोन वाचनं जुळवायची तर पाण्यापासूनचं अंतर सारखं हवं, वेळही सारखी, शक्यतो सकाळची. किसून फडक्यातून पिळलेला रस पाच-सात मिनिटं निवळू द्या, वरचा थेंब घ्या. गढूळ रसानं काचेवरची रेघ पुसट होते आणि माणूस अंदाजानं आकडा लिहितो.


काळी_माती
९ जानेवारी, स. ६:५०

वरच्या उत्तराशी सहमत. आता रानातलं बोलू.

खतात चूक झाली आहे. शिफारस हेक्टरी ७५:५०:७५ ची धरली तर एकरी ३० किलो नत्र, २० स्फुरद, ३० पालाश (पोटॅश) होतं. तुमचं नत्र १८:४६ मधून ९ आणि युरियाच्या दोन पोत्यांतून ४१, म्हणजे ५० किलोच्या घरात. पालाश शून्य. वेल माजलाय तो याचमुळे. पानात बनलेली साखर खाली उतरायला आणि तिचा स्टार्च व्हायला दोन्हीकडे पालाश लागतो, आणि ५५व्या दिवशीचा युरिया नेमका मुळी भरायच्या वेळी वेलाला परत पालवी फोडायला लावतो. आता ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पालाशचं खत) फवारून फार काही पदरात पडेल असं वाटत नाही. पुढच्या वेळी एकरी ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश धरा: निम्मं लागवडीला, निम्मं महिन्याभरानं भर देताना. युरियाही तेव्हाच संपवायचा, त्यानंतर रानात न्यायचाच नाही.

वरंब्याबाहेर पसरलेले वेल उलटले होते का? नसतील तर आज उलटा. पेरापेराला मुळ्या धरल्या की प्रत्येक पेर आपली स्वतंत्र सुतळीएवढी रताळी पोसत बसतं आणि मुख्य वेलाखालचा माल हलका राहतो.

दिवस मोजताना थंडी धरा. माती २० अंशांच्या खाली गेली की रताळं भरायचा वेग मंदावतो. त्यामुळे पावसाळी पिकाचे ११० दिवस आणि ऑक्टोबर लागवडीचे ११० दिवस सारखे नाहीत. श्री भद्रासारखं ९० दिवसांचं वाण असतं तर गोष्ट वेगळी. गावरान लालला या हंगामात ११५-१२० दिवस द्या. तुमच्या हिशेबानं २ ते ७ फेब्रुवारी.

तयार झालं का ते ठरवायची जुनी खूण अजूनही चांगली आहे. रताळं आडवं कापायचं आणि कापलेली बाजू वर करून ठेवायची. कोवळं असेल तर चीक दाटून येतो आणि काप हिरवट-काळा पडतो. तयार असेल तर चीक वाळतो, काप स्वच्छ राहतो. एका रताळ्यावर निकाल देऊ नका. रानाच्या पाच जागांवरून एकेक वेल उकरून प्रत्येकाचं मधल्या आकाराचं (१५०-२५० ग्रॅम) एकेक घ्या. बांधाकडची घेऊ नका, ती नेहमीच पुढे असतात.

पाणी: काढणीआधी १०-१२ दिवस बंद. जमीन काळी आहे, कडक झाली तर काढताना रताळी मोडतील. म्हणून दोन-तीन दिवस आधी अगदी हलकं पाणी देऊन वाफशावर काढा. मध्येच कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलंत तर साल तडकते. रान तुंबलं तर आणखी वाईट: मुळीला हवा मिळत नाही, आतली साखर आंबते, काढल्यावर आंबूस वास येतो आणि असा माल शिजवूनही कडकच राहतो.


रानवाट
९ जानेवारी, दु. १२:२०

एवढा विचार कशाला? जेवढे दिवस जास्त तेवढं गोड. १५० दिवस ठेवा जमिनीत, जमिनीसारखं गोदाम नाही.


काळी_माती
९ जानेवारी, दु. १:०५

शिवरात्र निघून जाईल ना हो तोवर!

ते सोडलं तरी स्टार्च चढतच राहत नाही. एका टप्प्यानंतर तो थबकतो, रताळं नुसतं आकारानं वाढतं, दोरे येतात. त्यातून एखादा पाऊस झाला किंवा पाणी पडलं तर डोळे फुटायला लागतात आणि कोंबासाठी साठ्यातलाच स्टार्च फुटतो. आणि सोंड्या भुंगा. जमीन भेगाळली की तो भेगेतून थेट रताळ्यापर्यंत पोचतो. अळीनं पोखरलेलं रताळं कडू होतं, कारण जखम झाली की रताळं स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं. पोखरलेला भाग कापून टाकला तरी कडवटपणा आजूबाजूच्या गरात मुरलेला असतो. काळ्या जमिनीत १२० नंतरचा प्रत्येक आठवडा भुंग्याच्या फायद्याचा. आतापासूनच भेगांवर माती ओढत राहा.


चक्कीवाला
९ जानेवारी, संध्या. ५:३०

पिठासाठी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. आम्ही ब्रिक्स बघत नाही, कोरडं वजन बघतो. घरी करता येतं. पाच रताळ्यांचा मधला भाग घ्यायचा (देठाकडचं आणि शेपटीकडचं टोक सोडून), सोलून दोन मिलिमीटरच्या चकत्या, सगळ्या मिसळून नेमक्या १०० ग्रॅम मोजायच्या. ओव्हनमध्ये ७०-८० अंशांवर सहा ते आठ तास. तासाच्या अंतरानं दोनदा वजन केल्यावर सारखं आलं की झालं. उन्हात करायचं तर दोन दिवस लागतात आणि थोडा ओलावा राहतो, पण आपल्यापुरती तुलना करता येते.

पांढऱ्या गराच्या चांगल्या भरलेल्या रताळ्यात ३० च्या आसपास येतं. २५ च्या खाली असेल तर पीठवाला भाव पाडणार, आणि ते चूक नाही: शंभर किलोंत पाच किलोंचा फरक म्हणजे त्याच्या वाळवणीचा सगळा नफा. बहुतेक नारिंगी वाणं मुळातच २०-२५ मध्ये असतात, त्यांची तुलना यांच्याशी करू नका.

बटाट्यासारखं मिठाच्या पाण्यात बुडतं की तरंगतं हे बघून कोरडा भाग ठरवायला जाऊ नका. रताळ्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, चांगलं भरलेलंही तरंगतं. आयोडीनचंही तेच: स्टार्च आहे की नाही एवढंच कळतं, किती ते नाही. ७० दिवसांचा कापही निळाकाळा होतो आणि १२० दिवसांचाही.

नुसता स्टार्चच बघायचा असेल तर अर्धा किलो बारीक किसा, लिटरभर पाण्यात कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळा. चोथा आणखी दोनदा धुवा. सगळं पाणी पातेल्यात तीन-चार तास हलवू नका. वरचं तपकिरी पाणी अलगद ओता, स्वच्छ पाणी घालून पुन्हा निवळवा. तळाला बसलेला पांढरा थर ताटात वाळवून वजन करा. किसणीनं सगळ्या पेशी फुटत नाहीत, त्यामुळे खऱ्यापेक्षा कमीच येणार. पण प्रत्येक वेळी तीच किसणी आणि तेवढंच पाणी ठेवलं तर चढ-उतार बरोबर दिसतो. रात्रभर ठेवू नका, आंबतं आणि थर तपकिरी होतो.

महत्त्वाचं: पिठाचा माल काढल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्या. तो ठेवायचा नाही. ठेवला की स्टार्च उतरतो, साखर चढते, चकत्या वाळताना लाल पडतात, पीठ ओलसर राहून गुठळ्या धरतं. व्यापाऱ्याचा माल मात्र ठेवायचाच.


पिष्टमय
९ जानेवारी, रा. ९:४०

चक्कीवाल्यांचं शेवटचं वाक्य म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रान एक, काढणी एक, नंतरच्या वाटा दोन.

व्यापाऱ्याच्या मालाला काढणीनंतर ऊब द्यायची. शास्त्रशुद्ध प्रमाण २९-३२ अंश, हवेत ८५-९० टक्के ओलावा, चार ते सात दिवस. यात सालीवरच्या जखमा भरून येतात आणि आत स्टार्च फुटून सुक्रोज वाढायला सुरुवात होते. फेब्रुवारीत दिवसा ही ऊब मिळते, अडचण रात्रीची. बंद खोलीत फळ्यांवर दीड-दोन फुटांचा ढीग करा, कडेनं जमिनीवर पाणी मारा (मालावर नाही), रात्री कोरडी गोणपाटं पांघरा, दिवसा खिडकी थोडी उघडी. रताळी धुवू नका. लाल साल चकाकते म्हणून धुतात, पण सोलपटलेल्या जागी बुरशी धरते.

नंतर ठेवायचं तर १३ ते १५ अंश उत्तम. त्याहून गरम जागी कोंब येतात. १० च्या खाली गेलं तर थंडी बाधते: आत काळसर डाग, आणि शिजवल्यावर मध्ये लाकडासारखा कडक गाभा. फ्रिजमध्ये रताळी ठेवून «शिजतच नाहीत» म्हणणाऱ्यांचं रताळं असंच झालेलं असतं.

काढणीआधी चार-पाच दिवस वेल कापून टाका, साल घट्ट होते. बेण्याला लागणारे शेंडे (२०-२५ सेंमी, तीन-चार पेरांचे) तेव्हाच बाजूला काढून घ्या.


शेगडी
१० जानेवारी, स. ८:१५

तुमची चव घेण्याची पद्धतच रताळ्यावर अन्याय करणारी आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या! एन्झाइमचं काम साधारण ६० ते ७५ अंशांत चालतं, त्यावर ते स्वतःच शिजून मरतं. कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतो. मायक्रोवेव्ह त्याहून लवकर. निखाऱ्यावर किंवा राखेत पुरलेलं रताळं गोड लागतं ते त्या टप्प्यात सावकाश रेंगाळतं म्हणून, शिवाय पाणीही उडतं.

चाचणीसाठी असं करा. सालीसकट अख्खं रताळं गार पाण्यात ठेवा, मंद आच. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात, वाफ निघते, पण पाणी हलत नाही, अशा स्थितीत अर्धा तास. मग झाकण ठेवून १०-१५ मिनिटं चांगली उकळी. ही शेवटची उकळी चुकवू नका, कारण ६० अंशांच्या आसपास फार वेळ राहिलेला गर उलट घट्ट होतो आणि नुसत्या कोमट पाण्यात मऊ होत नाही.

ब्रिक्स घ्यायचाच असेल तर शिजवलेल्याचा घ्या. २० ग्रॅम गर, २० मिली पाणी, कुस्करून गाळा, येईल त्याची साधारण दुप्पट. कच्च्याच्या ८ पेक्षा हा आकडा गिऱ्हाइकाच्या जिभेच्या जास्त जवळचा आहे.

जाता जाता: उपासाचा कीस किसून तव्यावर भरभर परतला जातो, त्यात गोडी तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून त्यात साखर घालावी लागते. घाऱ्यांसाठी उकडून घेतलेल्या रताळ्याला गूळ कमी लागतो, तो याचमुळे.


सरीवरंबा
१८ जानेवारी, संध्या. ७:३०

सगळ्यांचे आभार. वेल उलटले, भेगांवर माती ओढली. आकडे देतो. १० तारखेला १०० ग्रॅमचे वाळून २४.५ राहिले. आज (१०० दिवस) २७. कच्चा ब्रिक्स पाण्यानंतर आठव्या दिवशी ८.५. मंद शिजवलेल्याचा दुप्पट करून १३, कुकरमधल्याचा त्याच रताळ्यांवर १०. काप अजून कडेनं हिरवट पडतोय, मध्ये स्वच्छ. २२-२३ तारखेपासून पाणी तोडतो आणि ३ फेब्रुवारीला काढतो.

एक शंका: प्रत्येक वेलाला दोन-तीन चांगली आणि दोन अगदी बारीक, ४०-५० ग्रॅमची आहेत. ती कशात घालू?


काळी_माती
१८ जानेवारी, रा. ८:२०

कशातच नको. ती उशिरा धरलेली, वय त्यांचं ६०-७० दिवसांचं. पिठात गेली तर सरासरी पाडतील, व्यापाऱ्याच्या गोणीत गेली तर खाणाऱ्याला नेमकं तेच हाती येईल. बाजूला काढा, जनावरांना घाला. बेण्याच्या वाफ्यालाही ती नकोत, त्यासाठी शंभर-सव्वाशे ग्रॅमची निरोगी ठेवा.


चक्कीवाला
१८ जानेवारी, रा. ९:००

आणि ३ तारखेला काढताना पिठाचा माल आधी भरा, सकाळच्या पाळीतच. संध्याकाळपर्यंत चकत्या वाळत पडल्या पाहिजेत. मोडलेली, कुदळ लागलेली सगळी त्यातच घाला, ती उबेला ठेवली तर ढीग खराब करतील. किडकी मात्र यात नाही की त्यात नाही.